बँकांना सुट्टी

बुधवार, ९ ऑक्टोबर

फोन काढून घेतले. सगळ्यांचे — साहेबांचे, पाहुण्यांचे, काकांचा, माझा. बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात टाकले आणि शिपाई खोका काखोटीला मारून निघून गेला.

इतकी वर्षं या सरकारी खात्यात दुभाषी आहे. कापसाचे करार, पुलांची उद्घाटनं, परदेशी पाहुण्यांचे जेवणातले विनोद — सगळं इकडचं तिकडे केलंय. विनोद सगळ्यात अवघड, असं आजपर्यंत वाटत होतं.

पाहुणे तिघे. कर्ज देणाऱ्या संस्थेची माणसं. म्होरक्या दाढीवाला, आवाज मऊ — पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर बोलावून डॉक्टर बोलतो ना, तसा. सकाळच्या सत्रात काकांनी भाषांतर केलं. काका म्हणजे आमच्यातले ज्येष्ठ दुभाषी, मला या कामात त्यांनीच तयार केलं. दुपारी त्यांचा घसा बसला आणि मी खुर्चीवर बसले. नेमकं तेव्हाच ते वाक्य यायचं होतं.

तो त्याच्या भाषेत बोलला. मी आपल्या भाषेत म्हणाले — परकीय गंगाजळी संपत आली आहे. चलनाला आता धरून ठेवता येणार नाही, सोमवारी सकाळी सोडून द्यावं लागेल. जिथे पडेल तिथे पडू दे. आणि लोक पैसे काढायला धावू नयेत म्हणून बँका त्याच सकाळी बंद.

आपल्या भाषेत हे वाक्य देशात पहिल्यांदा कोण बोललं? मी!

त्यांच्या भाषेत अशा बंदला 'सुट्टी' म्हणतात. मी तेच ठेवलं. "बँकांना सुट्टी." मोठ्या साहेबांनी मान वर केली. "चांगला शब्द आहे," म्हणाले. "लोकांना फार लागणार नाही." आणि लिहून घेतला.

मग मोठ्या ठेवींचा विषय निघाला. त्यातला काही भाग सरकार परत देणारच नाही. यासाठी दाढीवाल्याने जो शब्द वापरला त्याचा सरळ अर्थ केस कापणे. माझ्या जिभेवर आलं होतं — बिनपाण्याने हजामत! गिळलं. "ठेवींमध्ये कपात" म्हणाले.

जाताना सही घेतली. घरच्यांनाही सांगायचं नाही. सांगितलं तर तुरुंग. हे लिहितेय हाही गुन्हाच असेल. पण कुठेतरी ओकायला हवं. वही लोकरीच्या कपड्यांच्या तळाशी ठेवतेय.

गुरुवार, १० ऑक्टोबर

ताई आली होती. आजच यायचं होतं तिला!

ताईने मागच्या आठवड्यात घर विकलं. भावोजींच्या मागे तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. आता ती आणि आई शिवणकामाच्या कारखान्यामागच्या दोन खोल्यांत राहतात. कारखाना म्हणजे तरी काय — अकरा बायका, बारा मशीन, शाळांचे गणवेश आणि दवाखान्यांचे कोट. घराचे पैसे बँकेत आहेत. नवी मशीनं घ्यायची आहेत म्हणाली.

चहा पिता पिता म्हणाली, "मशीनवाला मागे लागलाय. उद्या पैसे दे नाहीतर सोमवारी, म्हणतो. मला ठरवताच येईना. तुला काय वाटतं?"

मी कपाकडे बघत राहिले.

"अगं, तुला विचारतेय! मोठ्या लोकांत ऊठबस तुझी. उद्या देऊ का सोमवारी?"

एक शब्द. 'उद्या.' एवढाच म्हणायचा होता. काही फोड करायची नव्हती, कारण द्यायचं नव्हतं. सकाळीच साहेबांनी पुन्हा बजावलं होतं — कोणी काढले, किती काढले, कोणाचा नातेवाईक, सगळं नंतर तपासलं जाईल. आणि दाढीवाला म्हणाला होता, बातमी एका घरातून फुटली तर दुपारपर्यंत शहरभर होईल, बँका सोमवारच्या आधीच बसतील, आणि मग मदतही नाही.

म्हणाले, "तुझं तू बघ."

ताईने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "बघते," म्हणाली. पर्स उचलली. आईसाठी दिलेला मफलर इथेच विसरून गेली.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत ताईच्या बँकेसमोर जाऊन उभी राहिले. समोरच्या फुटपाथवर, चपलांच्या दुकानाच्या काचेकडे तोंड करून. काचेत बँकेचं दार दिसत होतं. लोक आत जात होते, बाहेर येत होते. एक म्हातारा नोटा मोजून हसला. ताई आली नाही. ये ना गं, ये ना — मनात एवढंच. आत जाऊन काढ, मी काही सांगितलेलं नाही, तूच ठरवलंस, ये!

दुकानदार बाहेर आला. "कुठला नंबर बाई?" मी पळाले.

संध्याकाळी तिचा मेसेज — "सोमवारी देईन. घाई नको."

शनिवार, १२ ऑक्टोबर

बाजारात तेलाचे दोन डबे उचलले. मग वाटलं, दोन कशाला घेतले असं कोणी विचारलं तर? एक परत ठेवला. साबणही रोजच्याएवढाच. काउंटरवरची मुलगी सहज माझ्याकडे बघत होती आणि माझ्या कानशिलांतून घाम.

नवऱ्याने पिशवीत डोकावून पाहिलं. तो औषधाच्या दुकानात आहे, मोजमापाचा माणूस. "आज बाईसाहेब मूग गिळून बसल्यात," म्हणाला. "भांडण झालंय का आपलं? मला कळवलं असतंस तर मीही रुसलो असतो!"

हसले. हसता येतं अजून.

सोमवार, १४ ऑक्टोबर

सकाळी रेडिओवर मंत्र्यांचा आवाज. "...बँकांना तात्पुरती सुट्टी देण्यात येत आहे..." माझा शब्द. माझा! देशभर सगळ्या स्वयंपाकघरांत.

नवरा दाढी करत होता. आरशातून माझ्याकडे पाहिलं. गालावर साबण तसाच वाळला.

रस्त्यावर आवाज नव्हता आणि मग एकदम आवाजच आवाज. आमच्या कोपऱ्यावरच्या बँकेचं शटर लोक हातांनी बडवत होते. दगड कोणी मारला नाही. एक बाई शटरला कान लावून उभी होती, आत कोणी आहे का ऐकत.

ताईचा फोन. आवाज अगदी साधा. "अगं, सुट्टी म्हणजे किती दिवसांची गं?"

गुरुवार, १७ ऑक्टोबर

चलन निम्म्याच्या खाली. दुकानदार किमती खडूने लिहितात, म्हणजे पुसायला सोपं. आज बसमध्ये एक जण दुसऱ्याला — "बँकांना सुट्टी, आणि आपल्याला? कायमची!" सगळी बस हसली. मी पुढच्याच थांब्यावर उतरले.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

शेवटी ताईकडे गेले. इतके दिवस टाळलं. रोज काही ना काही सबब.

अकरातल्या चार बायका उरल्यात. झिप बाहेरून येतात, दोरा बाहेरून येतो — दोन्हींचे भाव सकाळी एक, दुपारी एक. शाळांनी गणवेशाची ऑर्डर मागे घेतली. झाकलेली मशीनं बघवेनात. एका मशीनच्या सुईखाली अर्धा शिवलेला कोट तसाच पडला होता, बाही लोंबत.

आई पलंगावर. हृदयाची गोळी ती अर्धी करून घेते. नवरा दुकानातून आणून देतो तेवढीच, आणि त्यांच्याकडेही संपत आली. "अर्धीने काही होत नाही," आई म्हणाली. "आयुष्यभर सगळं अर्धंच तर खाल्लं. पहिला वाटा तुम्हा दोघींचा." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसली.

मला रडू फुटलं. ताईने चुलीवरचं पातेलं उतरवलं, हात पुसले, माझ्या डोक्यावरून फिरवला. "रडतेस काय वेडे! तुझे थोडेच अडकलेत?" मग हळूच, "आणि तुला तरी कुठे माहीत होतं?"

देवा.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

काकांना नेलं.

जेवणाच्या आधी दोघे आले, काकांना नावाने हाक मारली, काकांनी डबा बंद केला आणि उठले. चष्मा टेबलावर राहिला. तो द्यायला मी मागे धावले. जिन्यात गाठलं. त्यांनी चष्मा घेतला आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'नको' केलं. काय नको? बोलू नको? येऊ नको?

टायपिस्ट सांगत होती — काकांच्या जावयाने त्या शुक्रवारी खातं रिकामं केलं. पूर्ण. सगळे पैसे डॉलरमध्ये बदलून घेतले.

म्हणजे काकांनी सांगितलं. घसा बसलेल्या माणसाने.

मला राग यायला हवा होता. आला तो हेवा.

उद्या सकाळी मला बोलावलंय.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

चौकशीची खोली तळमजल्यावर आहे, जुन्या फर्निचरच्या गोदामाशेजारी. अधिकारी तरुण, नम्र. पाणी दिलं, बिस्किटं पुढे केली. मी एक घेतलं आणि ते हातातच विरघळत राहिलं.

"नवरा औषधाच्या दुकानात?"

"हो."

"त्या आठवड्यात दुकानाने जादा माल भरला?"

"नाही. भरला असता तर माझ्या आईला पूर्ण गोळी मिळाली असती." बोलून गेले.

त्याने पान उलटलं. "बहिणीने घर विकलंय. पैसे बँकेत. गुरुवारी संध्याकाळी ती तुमच्याकडे आली होती."

हे याला कसं कळलं? कोण बघत होतं? आमच्या जिन्यात कोण असतं? शेजारचा निवृत्त पोस्टमन? वरच्या मजल्यावरची ती बाई?

"बरोबर?"

"आली होती. चहा घेतला."

"आणि शुक्रवारी तुम्ही तिच्या बँकेसमोर होतात."

मी मान हलवली. आता नेतात. आता काकांसारखं माझंही नाव. नवऱ्याला कोण कळवणार?

पण त्याने फाइल मिटली. "तिच्या खात्यातला एक छदामही हललेला नाही. आम्ही तीन-तीनदा पाहिलं." मग हसला. त्याचे दात फार छान आहेत. "बाई, एक तर तुम्ही फार प्रामाणिक आहात, नाहीतर बहिणीशी तुमचं पटत नसावं."

घरी येऊन हात धुतले. बिस्किटाचं पीठ बोटांच्या बेचक्यातून निघेचना.

रविवार, २२ डिसेंबर

आठवड्याला थोडे थोडे पैसे काढू देतात आता. रांगेत लोक घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. नवरा म्हणतो, दुकानातले रिकामे खण लांबून दिसू नयेत म्हणून पुढे टूथपेस्टची खोकी लावून ठेवलीत. रिकामी.

आज कांदा चिरत असताना त्याने विचारलं. पाठ माझ्याकडे होती. "तुला माहीत होतं?"

"कांदा बारीक चीर."

सुरी थांबली. म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी ताईला सांगितलं असतं. म्हणूनच नाही सांगितलंस ना?"

"हो."

"बरोबर केलंस," म्हणाला. आणि उरलेला कांदा जाडाच चिरला. जेवताना एकही विनोद नाही. हल्ली नसतोच.

जिन्यात पाऊल वाजलं की दोघेही बोलायचे थांबतो.

सोमवार, ३ फेब्रुवारी

कार्यालयातून आणखी एकीला नेलं. टायपिस्ट. तिचं काय होतं कोणालाच माहीत नाही. तिच्या जागी आज दुसरी आली, सगळ्यांना नमस्कार केला, आणि आम्ही सगळ्यांनी तिला नमस्कार केला.

आईला गोळी मिळाली! बाहेरून आलेल्या एका पेटीतून नवऱ्याने मिळवली. महिनाभराची. कशी ते विचारलं नाही.

बुधवार, १९ मार्च

पाहुणे पुन्हा आले. या वेळी फोन काढून घेतले नाहीत. दाढीवाला खुशीत. आकडे सुधारतायत. बाहेरून येणारा माल निम्म्यावर आला, कारण घ्यायला कोणाकडे पैसेच नाहीत. बाहेर जाणारा माल वाढला, कारण आपण स्वस्त झालो. तो 'आपण' म्हणाला नाही, 'तुम्ही' म्हणाला. 'आपण' मी म्हणाले, भाषांतरात.

चहाच्या वेळी तो माझ्याशी एकट्याने बोलला. नॅपकिनवर पेनने एक रेघ काढली — घसरत खाली, मग वाकून वर. "मी असे नऊ देश पाहिलेत," म्हणाला. "सगळे असेच जातात. आधी चलन पडतं. मग आयात मरते. मग बाहेरचे खरेदीदार वास काढत येतात, कारण तुमच्याकडे मजुरी स्वस्त. डॉलर येतात. बँका हळूहळू उघडतात. घाबरू नका. देश सावरतात."

मी रेघेच्या अगदी तळाशी बोट ठेवलं. "इथे लोक काय करतात?"

त्याने खरंच विचार केला. वाईट माणूस नाही तो. मग म्हणाला, "इथे मी कधी राहिलो नाही. देश इथे असतो तेव्हा आम्ही विमानात असतो."

भाषांतर करायचं नव्हतं म्हणून बरं. मला ते साहेबांना सांगता आलं नसतं.

शुक्रवार, ६ जून

आज काय झालं ते नीट लिहिते.

ताईचा परवा फोन आला — एक परदेशी खरेदीदार बाई येतेय, दुकानांना शर्ट पुरवते, ताईकडून शिवून घ्यायचं म्हणतेय. भाषेचं तू बघशील का? बघीन म्हणाले. किती आनंदाने म्हणाले! तिच्यासाठी काहीतरी करता येणार होतं.

ताईने झाकलेली मशीनं उघडली, पुसली. चार बायकांचे आठ हात, पण सगळ्या जागा भराव्यात म्हणून शेजारणींनाही बसवलं. त्यातल्या दोघींना पायडलसुद्धा माहीत नव्हतं! खरेदीदार बाई उंच, कोरडी. शिवण उलटून बघितली, काज नखाने ओढून पाहिलं. कामावर खूश झाली. मग भाव सांगितला.

मी ऐकलं. तो भाव ऐकला आणि क्षणभर थांबले. मग ताईला सांगितला.

ताई म्हणाली, "एवढ्यात तर विजेचं बिलही भागणार नाही. विचार तिला, वर येते का."

खरेदीदार बाई तिच्या सोबत्याकडे वळून हळूच काहीतरी म्हणाली. ते माझ्यासाठी नव्हतं. दुभाष्याने असलं ऐकायचं नसतं, ऐकलं तरी सांगायचं नसतं. हा आमचा पहिला धडा, काकांनीच शिकवलेला. मी ताईला सांगितलं, "ती म्हणतेय, यांचं चलन पडलंय, जरा ताणलं तर ही आणखी खाली येईल."

ताई हसली. कितीतरी महिन्यांनी तिचे दात पाहिले. "चलन पडलंय ते खरंच आहे. तिला सांग, म्हणूनच कापड तू पाठव, झिप तू पाठव, दोराही तूच. त्यांचे भाव मला झेपत नाहीत. मी फक्त शिलाई देते. शिलाईचा भाव मात्र हा." आणि आकडा सांगितला.

घासाघीस झाली. ताईला हवा होता तेवढा नाही मिळाला, पण त्या बाईला हवा होता तेवढाही नाही. आगाऊ रक्कम डॉलरमध्ये. हात मिळवले. शेजारणींनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना कळलं नव्हतं.

गाडी गेली. शेजारणी गेल्या. ताई शर्टांचे नमुने घडी करत होती. घडी करता करताच म्हणाली, "मघाशी तिने भाव सांगितला, तेव्हा मला सांगायच्या आधी तुझं तोंड कसं झालं होतं माहितेय?"

"कसं?"

"विझल्यासारखं. तुला कळलेलं असतं, आणि मला अजून कळायचं असतं. मधल्या वेळातलं तोंड." तिने शर्ट खाली ठेवला. "त्या गुरुवारी चहा पिताना तुझं तोंड असंच झालं होतं. त्या दिवशी तुला माहीत होतं?"

खोटं बोलायला एवढा वेळ होता. आठ महिने चौकशीवाले, साहेब, जिन्यातले लोक, सगळ्यांसमोर तोंड बंद ठेवलेली मी — ताईसमोर डोळेही खाली घालता येईनात.

"हो," म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नमुने उचलून कपाटात ठेवले. एकेका मशीनवर कव्हर घातलं. बाराच्या बारा मशीनवर. मग दिवा बंद केला, आणि मी अजून आतच उभी होते.

शनिवार, ७ जून

ताईने फोन उचलला नाही.

गुरुवार, १९ जून

उचलला नाही. आईने उचलला. "काय केलंस गं तू?" म्हणाली. "बरं, नको सांगूस. पण तिचा राग मला भोवतोय. स्वयंपाकात मीठच नसतं हल्ली!"

रविवार, १७ ऑगस्ट

पेपरात पहिल्या पानावर — देश सावरला! दाढीवाल्याची ती रेघ छापलीय, हुबेहूब, वाकून वर गेलेली. गंगाजळी पुन्हा भरतेय. गोठवलेल्या ठेवी सोडल्या. ताईचेही पैसे सुटले असतील. कपात वजा जाता जे काही उरलं, त्यात घराचं दारही येणार नाही.

आई सांगते, कारखान्यात आता एकोणीस बायका. दोन पाळ्या. ताई रात्रीचं जेवण मशीनपाशीच उभ्याने घेते. "तुझ्याबद्दल विचारलं तर ऐकू आलं नाही असं करते. लहानपणी औषध द्यायला गेलं की असंच करायची."

काका भेटले. बसथांब्यावर. सुटलेत, पण नोकरी गेली, पेन्शन गेली. खूप वाळलेत. मी हाक मारू का नको, असं करत उभी होते. त्यांनीच ओळखलं. "लेकीचं घर वाचलं," म्हणाले, मी काही विचारलं नव्हतं तरी. "नातू शाळेत जातो." आणि मग इकडेतिकडे बघून, अगदी हळू — "तुझ्याबद्दल मला फार विचारत होते. अजून विचारतात. परवाही बोलावलं होतं. सांभाळून राहा."

बस आली, ते चढले. माझीही तीच बस होती. नाही चढले.

अजून विचारतात. कशाबद्दल? सगळं सावरलं ना! मग कोणाला अजून काय हवंय? घरी येऊन आधी वही जागेवर आहे का बघितलं. आहे. जाळावी का? काडेपेटी घेतली. मग वाटलं, धूर शेजारच्या पोस्टमनला दिसेल. तो विचारेल, ऑगस्टमध्ये कसली शेकोटी?

नवरा आला, माझ्या हातात काडेपेटी बघितली. काढून घेतली आणि गॅस पेटवून चहा ठेवला. बाजूला उभा राहिला, खांद्याला खांदा लागेल असा.

सोमवार, १ सप्टेंबर

जिन्यात कोणीतरी बराच वेळ उभं होतं. दार उघडलं नाही. मीटरवाला होता.

रविवार, २१ सप्टेंबर

ताई आली. एकटी. दारातच उभी राहिली.

"मशीनवाला कोणी नव्हताच," म्हणाली. "एजंट होता. बाहेरच्या देशात शिवणकामाला नेणारा. घर त्याच्यासाठी विकलं होतं. तू 'उद्या' म्हणाली असतीस, तर शुक्रवारी त्याचे पैसे दिले असते आणि रविवारी गेले असते. आईला तुझ्या दारात बसवून. तुला न सांगता. बायकांना न सांगता."

मी चौकट धरली.

"मला जायचंही होतं आणि नव्हतंही. म्हणून तुला विचारायला आले होते." तिने नाक पुसलं. "सगळं जमवून, बॅग भरून ठेवली होती. तीन महिने तुलाच बोल लावत बसले. आता मला ते जमत नाही."

आत कुठेतरी चहा उतू गेल्याचा वास येत होता.

"आईला यातलं काही कळता कामा नये," ताई म्हणाली. "तिला कधीच नाही."

"नाही सांगणार," म्हणाले. आणि दारातून बाजूला झाले.